सलग चालायचे की टप्प्याटप्प्याने धावायचे? आपल्या मुलींच्या दमसासाचा हिशोब

मुलगी सातवी-आठवीत गेली की आपल्या बहुतेक घरांत तिचे धावणे हळूहळू बंद होते. कोणी तसा हुकूम काढत नाही. पाळी सुरू होते, कपडे बदलतात, संध्याकाळी ट्यूशन लागते, शाळेतला पीटीचा तास गणिताला दिला जातो, आणि गल्लीत खेळणे 'आता बरं दिसत नाही' म्हणून थांबते. तिच्याच पाठचा भाऊ मात्र असरच्या नमाजनंतर बॅट घेऊन मैदानावर जातो. दोन-तीन वर्षांनी हीच मुलगी दप्तर घेऊन तीन मजले चढली की धापा टाकते. मग आपणच म्हणतो, 'आजकालच्या पोरींत दमच नाही.'

हा लेख त्या दमाबद्दल आहे. वजन किती, रंग कसा, स्थळ आले तर मुलगी कशी दिसेल, याच्याशी त्याचा संबंध नाही. हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायू मिळून शरीराला प्राणवायू पुरवतात, त्या ताकदीला मराठीत दमसास हा चांगला शब्द आहे. हा दमसास ज्या वयात बांधायचा, नेमके त्याच वयात आपण मुलींना बसवून ठेवतो.

ही तक्रार फक्त आपल्या समाजापुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसले, की २०१६ साली ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७८ टक्के आणि मुलींपैकी ८५ टक्के पुरेशी हालचाल करत नव्हत्या. म्हणजे दर २० मुलींपैकी १७ मुली. संघटनेचा २०२० सालचा सल्ला असा आहे, की ५ ते १७ या वयात रोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी. आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात दम लागेल असा जोरकस व्यायाम असावा, आणि हाडे-स्नायू मजबूत करणाराही असावा.

आता खरा प्रश्न येतो. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, 'फक्त ४ मिनिटांत फिट व्हा'. दुसरीकडे डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. मुलीने ऐकायचे कोणाचे? दोन्हींच्या मागे शास्त्र आहे. ते नीट समजून घेतले तर आपापल्या घराला काय जमेल हे ठरवणे सोपे जाते.

दोन्ही प्रकार म्हणजे नेमके काय?

सलग व्यायाम म्हणजे एकाच गतीने, न थांबता केलेला व्यायाम. भरभर चालणे, सावकाश धावणे, सायकल चालवणे, पोहणे. वीस मिनिटे, अर्धा तास, पाऊण तास. श्वास वाढतो, घाम येतो, पण शेजारी चालणाऱ्या मैत्रिणीशी बोलता येते.

टप्प्यांचा व्यायाम, ज्याला जिममध्ये इंटरव्हल म्हणतात, तो वेगळा. थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ सावकाश, पुन्हा जोरात, पुन्हा सावकाश. अर्धे मिनिट धावले, मिनिटभर चालले, असे सहा-आठ वेळा. मधली विश्रांती हा आळस नव्हे, तो व्यायामाचाच भाग आहे. विश्रांती मिळते म्हणूनच पुढचा टप्पा पुन्हा जोरात करता येतो. शरीर सलग सहा मिनिटे ज्या गतीने धावू शकले नसते, त्या गतीने ते तुकड्या-तुकड्यांनी सहा मिनिटे धावते.

ही कल्पना नवी नाही. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक ४०० मीटरची फेरी जोरात, मग थोडे सावकाश, असे पुन्हा पुन्हा करत सराव करायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली.

कोणत्या गतीला मध्यम म्हणायचे आणि कोणत्या गतीला जोरकस, हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम गती. तीन-चार शब्दांपुढे बोलताच येत नाही, ती जोरकस. नाडी मोजायची असेल तर मनगटावर दोन बोटे ठेवून १० सेकंद मोजा आणि सहाने गुणा. पंधरा वर्षांच्या मुलीचे हृदय जास्तीत जास्त मिनिटाला साधारण २०० ठोके देते. सलग चालताना १० सेकंदांत २० ते २३ ठोके पुरे. जोराच्या टप्प्याच्या शेवटी ते २८ ते ३१ पर्यंत जातात. हे आकडे अंदाजाचे आहेत. प्रत्येकीचे शरीर थोडे वेगळे असते, म्हणून बोलण्याची परीक्षा जास्त भरवशाची.

शरीरात काय बदलते?

सलग व्यायामात स्नायूंना बराच वेळ सारखा प्राणवायू लागतो. काही आठवड्यांत स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी घरे, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात. साठवलेली चरबी इंधन म्हणून वापरायची सवय शरीराला लागते. सांधे आणि पायांचे स्नायूबंध सावकाश तयार होतात. घर बांधताना पाया घालावा तसे हे काम आहे.

टप्प्यांच्या व्यायामात हृदयाला वरच्या गतीने काम करावे लागते. हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकते. पायांत जळजळ सुरू होते तेव्हा ती निस्तरायची सवय स्नायूंना लागते. बस पकडायला धावणे, जिने चढणे, खेळात एकदम वेग घेणे, या गोष्टी त्यामुळे सोप्या होतात. मायटोकाँड्रिया यातही वाढतात. म्हणजे दोन्ही रस्ते बऱ्याच अंशी एकाच गावाला जातात. एक लांबचा आणि सपाट आहे, दुसरा जवळचा पण चढाचा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पाळी येण्याआधी मुला-मुलींच्या दमसासात फार फरक नसतो. वयात आल्यावर मुलांचे स्नायू आणि हिमोग्लोबिन वाढते, मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते. हे निसर्गाचे आहे, त्यात दोष नाही. पण त्याच वेळी मुलीचे खेळणेही थांबले, तर निसर्गाने ठेवलेला थोडा फरक आपण मोठा करतो. हाडांचेही तसेच. मोठेपणी शरीरात जेवढे हाड असते, त्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग उंची झपाट्याने वाढते त्या काळाच्या आसपासच्या दोन वर्षांत तयार होतो. उड्या, धावणे, पायांवर पडणारा भार यांनी हाडांना मजबुती मिळते. ही दोन वर्षे बसून काढली तर साठच्या वयात त्याची किंमत मोजावी लागते.

अभ्यास काय सांगतात?

'४ मिनिटांत फिट' या व्हिडिओंचे मूळ जपानमध्ये आहे. इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने ६ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, रोज ६० मिनिटे मध्यम गतीने सायकल चालवली. दुसऱ्या गटाने २० सेकंद पूर्ण जोर, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ टप्पे केले. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे माप दोन्ही गटांत वाढले, आणि ते जवळपास सारखेच. प्राणवायू अपुरा पडतो अशा तीव्र कामाची क्षमता मात्र फक्त दुसऱ्या गटात वाढली, २८ टक्क्यांनी.

व्हिडिओत तीन गोष्टी सांगत नाहीत. प्रयोगातले सगळे तरुण पुरुष होते, आणि तेही शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, म्हणजे आधीच तयारीचे. त्यांचा जोर इतका होता की शेवटच्या टप्प्यानंतर पाय हलत नसत. आणि टप्पे करणारा गटही आठवड्यातून एक दिवस अर्धा तास सलग सायकल चालवतच होता. आठवीतल्या मुलीने घरातल्या फरशीवर चार मिनिटे उड्या मारणे आणि हा प्रयोग, यांत बरेच अंतर आहे.

किशोरवयातल्या मुला-मुलींवरचा एक अभ्यास स्कॉटलंडमधला, २०११ सालचा. सरासरी सोळा वर्षांची ५७ मुले-मुली, ७ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस. एक गट २० मिनिटे सलग धावायचा. दुसरा गट २० मीटरच्या अंतरात अर्धे मिनिट जीव तोडून धावणे, मग थोडी विश्रांती, असे ४ ते ६ वेळा करायचा. सात आठवड्यांत पहिल्या गटाचा धावण्याचा वेळ झाला ४२० मिनिटे, दुसऱ्याचा फक्त ६३ मिनिटे. दमसास दोन्ही गटांत सुधारला. शरीरातली चरबी मात्र सलग धावणाऱ्यांची जास्त उतरली. यात मुली फक्त १० होत्या, हेही ध्यानात ठेवायला हवे.

निव्वळ मुलींवरचा एक अभ्यास ट्युनिशियातून २०१३ साली आला. वजन जास्त असलेल्या, साधारण सोळा वर्षांच्या ३४ मुली, १२ आठवडे. दोन गटांना टप्प्यांचा व्यायाम दिला, एकाला जोरकस, दुसऱ्याला मध्यम. तिसऱ्या गटाला व्यायाम दिला नाही. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचा दमसास वाढला, जोरकस गटाचा जास्त वाढला. आपल्यासाठी यात कामाची गोष्ट ही, की मध्यम गतीने करणाऱ्या मुलींनाही फायदा झाला. सगळ्यांनीच छाती फुटेस्तोवर पळायची गरज नाही.

मग कोणता चांगला?

वेळ कमी असेल तर टप्प्यांचा व्यायाम. मिनिटामागे मिनिट पाहिले तर त्याचा फायदा जास्त, याबद्दल फारसा वाद नाही. दहावी-बारावीच्या वर्षात ज्या मुलीला वीस मिनिटेच मिळतात, तिला याचा मोठा आधार आहे.

सुरुवात करायची असेल तर सलग चालणे. ज्या मुलीने दोन-तीन वर्षे धावलेच नाही, तिला पहिल्याच दिवशी जोरात पळवले तर पिंडऱ्या दुखतात, उलटीसारखे होते, आणि ती म्हणते, 'हे माझं काम नाही.' ती पुन्हा उतरत नाही. चालण्याने ही भीती बसत नाही.

आणि दोन्ही जमत असेल तर दोन्ही. चांगले धावपटू एकाच आठवड्यात दोन्ही प्रकार करतात. आमचे स्पष्ट मत असे, की आपल्या घरांत खरा फरक या दोन प्रकारांतला नाहीच. खरा फरक काहीतरी करणारी मुलगी आणि काहीच न करणारी मुलगी यांच्यातला आहे. दहा अभ्यास वाचून उत्तम प्रकार निवडला आणि तो दोन आठवड्यांत सुटला, तर त्यापेक्षा बहिणीबरोबर रोज अर्धा तास चालणारी मुलगी कितीतरी पुढे.

इथे एक आक्षेप हमखास येतो: 'आमची मुलगी घरातलं सगळं काम करते, तिला वेगळा व्यायाम कशाला?' घरकामाला मोल आहेच. पण भांडी घासताना, पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना नाडी फारशी वर जात नाही. हात दुखतात, पाठ दुखते, पण हृदयाला मेहनत पडत नाही. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरकामाने मुलगी थकते, दमसास मात्र वाढत नाही.

आपल्याच अंगणातले इंटरव्हल

इंटरव्हल हा शब्द परका वाटला तरी प्रकार आपल्याच अंगणातला आहे. खो-खोत पळायचे, चकवायचे, सुटले की दम घ्यायचा, पुन्हा पळायचे. लंगडी, लगोरी, शिवणापाणी, डबा ऐसपैस, कबड्डी हे सगळे टप्प्यांचेच खेळ. दोरीवरच्या उड्या तर सगळ्यांत स्वस्त. तीस सेकंद उड्या, एक मिनिट जागेवर चालणे, झाला इंटरव्हल. हाडांनाही त्याच उड्यांचा फायदा.

फुटबॉल आणि बास्केटबॉलही असेच. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने मुलींसाठी फुटबॉल सुरू केला, तेव्हा पहिला प्रश्न मैदानाचा आणि दुसरा घरच्यांच्या परवानगीचा होता. तरी मुली खेळल्या. शाळेत, मोहल्ल्यात किंवा सोसायटीत दहा मुली जमल्या तर त्यांना स्टॉपवॉच दाखवून पळवण्यापेक्षा खो-खोचा डाव मांडणे केव्हाही बरे. हसत-खेळत केलेला व्यायाम टिकतो.

सुरू करण्याआधी रक्त तपासा

दमसासाचे गाडे रक्तावर चालते. प्राणवायू वाहून नेतो तो हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. पाचांत तीन. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे. ती लवकर दमते, चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशा मुलीला 'आळशी' म्हणणे अन्याय आहे.

म्हणून आधी सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी निघाले तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी टाळू नका. आपल्याकडे जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा लागतो. तो जेवणातले लोह शरीरात शिरू देत नाही. चहा तासभर उशिरा घ्या, आणि डाळ-भाजीवर लिंबू पिळा. रक्त भरून येईपर्यंत सावकाश चालणे चालेल. जोराचे टप्पे नंतर.

दमा, हृदयाचा जन्मजात आजार, व्यायाम करताना बेशुद्ध पडणे किंवा छातीत दुखणे, घरात कोणाचा तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचे टप्पे सुरू करू नका. दम्याच्या मुलीने पंप जवळ ठेवावा. वजन बरेच जास्त असेल तर धावण्याने गुडघ्यांवर भार येतो. तिने टप्पे चालूनच करावेत, मिनिटभर भरभर आणि मिनिटभर सावकाश. पाळी अनियमित असेल, पीसीओएसचे निदान झाले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यात व्यायाम असतोच. तिथेही दोन्ही प्रकार चालतात.

बारा आठवड्यांचा साधा आराखडा

पहिले ४ आठवडे: आठवड्यातून ४ दिवस सलग भरभर चालणे. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटे, मग दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. चौथ्या आठवड्यात ३० मिनिटे होतात.

५ ते ८ आठवडे: ३ दिवस ३० मिनिटे सलग. चौथ्या दिवशी टप्पे. आधी ५ मिनिटे सावकाश चालून अंग गरम करा. मग ३० सेकंद जोरात, ९० सेकंद सावकाश, असे ६ वेळा. शेवटी पुन्हा ५ मिनिटे सावकाश. सगळे मिळून २२ मिनिटे.

९ ते १२ आठवडे: २ दिवस सलग, २ दिवस टप्पे. टप्प्यांच्या दोन दिवसांत किमान एक दिवसाचे अंतर ठेवा. आता १ मिनिट जोरात, १ मिनिट सावकाश, असे ८ वेळा. आधी-नंतरची ५-५ मिनिटे धरून २६ मिनिटे.

'जोरात' म्हणजे किती? पहिला टप्पा आणि शेवटचा टप्पा सारख्याच गतीने जमला पाहिजे. तिसऱ्या टप्प्यालाच पाय ओढले जात असतील तर सुरुवात जास्त जोरात झाली. या सगळ्याला आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. हा किमान हिशोब आहे. शाळेत चालत जाणे आणि खेळणे यांची त्यात भर पडली की जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याच्या जवळ जाता येते.

फरक पडला हे कसे कळेल?

वजनकाटा बाजूला ठेवा. या वयात वजन वाढणे साहजिक आहे, आणि रोज काट्यावर उभी राहणारी मुलगी जेवण सोडायला लागते. त्याऐवजी तीन गोष्टी वहीत लिहा. एक, सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी. दमसास वाढला की ती हळूहळू कमी होते. दोन, जिना चढून आल्यावर एक मिनिटाने नाडी किती उतरली. जितकी लवकर उतरेल तितके चांगले. तीन, ६०० मीटर पार करायला लागणारा वेळ. फिट इंडियाच्या शालेय चाचणीतही हेच अंतर धावायचे असते. दर चार आठवड्यांनी मोजा. तुलना तिची तिच्याशीच करा, शेजारच्या मुलीशी नको.

जागा, कपडे, पाळी आणि रोजे

जागेचा प्रश्न खरा आहे. भिवंडी, मालेगाव, मोमिनपुऱ्याच्या दाट वस्तीत मुलीने एकटीने धावायला जाणे सोपे नाही, आणि अम्मीची काळजी चुकीची नाही. पण टप्प्यांच्या व्यायामाचा इथेच फायदा होतो. त्याला मैदान लागत नाही. बिल्डिंगची गच्ची, शाळेचे आवार, जिना पुरतो. जिना जोरात चढायचा आणि कठडा धरून सावकाश उतरायचा. उतरणे हीच विश्रांती. ओढणी आणि घोळदार कपडे पायात येणार नाहीत, जिना ओला नाही, एवढे बघा. गच्चीला कठडा नसेल तर तिथे धावणे नकोच.

सलग चालायला फजरनंतरची वेळ चांगली. ऊन नसते, गर्दी नसते, आणि अम्मी-खाला बरोबर असतील तर कोणाला बोलायला जागा राहत नाही. अम्मीच्या शुगरलाही त्याच चालण्याचा उपयोग.

हिजाब आड येत नाही. फिफाने २०१४ साली आणि जागतिक बास्केटबॉल संघटनेने २०१७ साली डोके झाकून खेळायला परवानगी दिली. अमेरिकेची तलवारबाज इब्तिहाज मुहम्मद हिने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हिजाब घालूनच कांस्यपदक मिळवले. फक्त कापड हलके, सुती, सैल असावे आणि पिन टोचणारी नसावी. पायात चप्पल नको, साधे का होईना पण बूट हवेत. एप्रिल-मेच्या उन्हात जोराचे टप्पे सकाळी लवकर किंवा मगरिबनंतर करा आणि पाणी भरपूर प्या.

पाळीत व्यायाम बंद करायची गरज नाही. पोट दुखत असेल तर त्या दोन दिवशी फक्त चाला. हलक्या चालण्याने बऱ्याच मुलींना आरामच पडतो. फार रक्तस्राव होत असेल तर मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

रमजानमध्ये रोजा असताना जोराचे टप्पे नकोत. इफ्तारच्या आधी पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालणे किंवा तरावीहनंतर थोडे चालणे एवढे पुरे. ईदनंतर दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरू करा, सोडले तिथून एकदम नको.

घरच्यांनी करायचे काम

मुलीला सगळ्यांत जास्त गरज आहे ती वेळेची. तिच्या दिवसातली अर्धी घटका कोणीतरी मोकळी करून द्यावी लागते. त्या वेळात भावाने पाणी भरावे, अब्बूंनी एखादे दिवशी तिच्याबरोबर चालावे. शाळेच्या पालक सभेत पीटीच्या तासाबद्दल विचारावे: मुली त्या तासाला खरंच मैदानावर उतरतात का, की बाकावर बसून असतात? उर्दू असो की मराठी माध्यम, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मोहल्ल्याच्या कमिटीने आठवड्यातून दोन दिवस, एक तास, शाळेचे पटांगण फक्त मुलींसाठी ठेवायला सांगितले, तरी पुष्कळ घरांची अडचण सुटेल.

सलग की टप्प्यांचा, हे ज्या-त्या मुलीने आपल्या वेळेप्रमाणे आणि तब्येतीप्रमाणे ठरवावे. पहिले चार आठवडे फक्त चालायचे आहे. त्यासाठी एक बुटांचा जोड, एक सोबत आणि पंधरा मिनिटे लागतात. या जुम्म्यापासून सुरुवात करता येईल.